माझ्या वाट्याची कोंबडी

आई,

तुझ्याशी भांडायचं राहून गेलं आहे. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आईशी भांडायचं वय नुकतं कुठे सुरू होत होतं, आणि तू कावीळ अंगावर काढून निघून गेलीस. आता मी सत्तावीस वर्षांची आहे. बी.ए. झाले, त्यावर बालशिक्षणाचा डिप्लोमा केला. आपल्या घरातली ती पहिली पदवी. बाबांनी तिला काच लावून तुझ्या फोटोशेजारी टांगली आहे आणि सणाला तुझ्या फोटोबरोबर तिलाही हळदकुंकू लावतात. गेली तीन वर्षं मी विरारला एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या बालवर्गात शिकवते. मुलं साडेतीन-चार वर्षांची. मी त्यांना शब्द शिकवते. तू जे करत होतीस तेच, फक्त तुला त्याचं काही नाव माहीत नव्हतं.

तू अंगणवाडीत मदतनीस होतीस. खिचडी शिजवायची, घरोघर फिरून मुलं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, एवढंच तुझं काम. पण शिकवणाऱ्या ताईंची बस खाडीपलीकडून यायची आणि ती कधीच वेळेवर नसायची, म्हणून सकाळचा पहिला तास मुलं तुझ्याच ताब्यात; सगळी तुला बाय म्हणायची. देवळाच्या पडवीत सतरंजी आणि पडवीला लागून आपलं अंगण. अंगणात तुझ्या कोंबड्या, चार बदकं आणि कोणावरही धावून जाणारा तो एक कोंबडा. तुझं शिक्षण सातवी. तुझ्याकडे चित्रं नव्हती, तक्ते नव्हते. आलेल्या मुलांतलं जे मूल बोलत नसे, तोंडात बोट घालून खांबाला टेकून उभं राही, त्याला तू तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला धरून अंगणात न्यायचीस. "ही काळी दिसते ना, ही तुजी. मी नाय बघणार तिच्याकडं. तूच बघायचं आन मला खबर द्यायची." एवढं बोलून चुलीकडे निघून जायचीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर खबर विचारायचीस. आणि मूल गप्प राहिलं की तू स्वतःच काहीतरी अचाट सांगायला लागायचीस. "हिची कोंबडी काल झाडावर चढून आंबे खात होती म्हने." मूल बघत राही. "आन मग विहिरीत उतरून पोहली." मुलाचे ओठ हलत. "आन सकाळी दूध दिलं तिनं, तांब्याभर." तिथे मुलाला राहवतच नसे. "नाय! दूध नाय! अंडा!" मग तू कमरेवर हात ठेवून विचारायचीस, "अंडा? मंजी काय? कुठून काढला तिनं?" आणि ते मूल, ज्याला त्याच्या घरचे मुकं म्हणत होते, तुला, अडाणी बाईला, खुराडं, चोच, तुरा, उकिरडा सगळं समजावून द्यायला बसे. जमिनीवर पडलेली पिसं तू त्यांना फुंकायला लावायचीस, कोणाचं उंबऱ्याबाहेर जातं बघू म्हणून. डिप्लोमाच्या दुसऱ्या सहामाहीत आम्हाला शिकवलं की उच्चार सुटायला मुलांच्या फुंकरीचा व्यायाम घ्यावा, त्यासाठी कापसाचे बोळे वापरावेत. मी वहीत ते लिहून घेतलं आणि उरलेला तास मला काही ऐकू आलं नाही.

मला तू कोंबडी दिली नाहीस. हेच ते भांडण. मीसुद्धा त्याच पडवीत बसले होते, मीसुद्धा तीन वर्षांची होते. पण मी बोलत होते. दीड वर्षाची असल्यापासून बोलते असं तू सगळ्यांना सांगायचीस, कौतुकाने की वैतागून ते मला तेव्हाही कळलं नाही. न बोलणाऱ्यांना पक्षी मिळायचे आणि बोलणाऱ्यांना खिचडी. एकदा मी तुझ्याकडे मागितली, आठवतं? तू धुणं पिळत होतीस. म्हणालीस, "सगल्या तुज्याच घरच्या तर हायेत, येडे." सगळ्या माझ्या म्हणजे एकही माझी नाही, हे तीन-चार वर्षांच्या मुलीलाही समजतं. मग मी दोन दिवस मुकी राहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू माझा घसा तपासलास आणि हळदीचं दूध दिलंस.

मी तिसरीत असताना ती आली. आपल्या खालच्या आळीतली, भातशेती करणाऱ्यांची धाकटी, चार वर्षांची होऊनही एक शब्द न बोलणारी. तिला तू लंगडं बदक दिलंस. चारही बदकांत ते माझं लाडकं होतं, हे तुला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तेव्हापासून आळीत सगळे तिला बदकवालीच म्हणायला लागले. माझी शाळा साडेदहाची, तरी मी दप्तर अडकवून पडवीच्या भिंतीमागे उभी राहायचे आणि त्या बदकाची खबर ऐकायचे. एके दिवशी तू तिला म्हणालीस की तुझं बदक म्हणे झाडावर घरटं बांधतं. मी न राहवून आत आले आणि म्हटलं, "आय, बदक झाडावर घरटं नाही बांधत. पुस्तकात दिलंय." मला वाटलं तू हसशील, तुला कळेल की तुझी पोरगी शिकतेय. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. इतका राग मी तुझ्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही. "तुला विचारलंय? चल, शाळेत जा." ती मुलगी तोंड उघडून होती, बोलायच्या बेतात. तिने तोंड मिटलं. तिचा शब्द मी खाल्ला, हे आता समजतं. तेव्हा एवढंच समजलं की माझ्या आईने एका परक्या पोरीपायी मला सगळ्यांसमोर हाकललं. शाळेच्या रस्त्याभर मी त्या बदकाला शिव्या देत गेले.

ती बदकवाली आता आमच्या शाळेत मावशी आहे. बारावीला राहिली, लग्न होऊन विरारला आली. मुलांचे डबे उघडून देणं, हात धुववणं, बाथरूमला नेणं हे तिचं काम. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी सगळी मुलं तिला मावशी म्हणतात आणि ती मला शाळेत मॅडम म्हणते. पहिल्याच दिवशी मला ओळखून ती म्हणाली, "तुम्ही आमच्या बायच्या ना? अंगणवाडीतल्या बायच्या?" आमच्या बायच्या. मी म्हटलं, "हो. ती माझी आई." जरा जोरातच म्हटलं.

यंदा जूनमध्ये माझ्या वर्गात एक मुलगी आली. चार वर्षांची, कपाळावर बारीक केस, बेल्ट लावलेला गणवेश. घरी बोलते, शाळेच्या दारात आली की बंद. मोठ्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघू. तोवर एक वाक्य जरी माझ्या कानांवर आलं तरी पुढच्या वर्गात घेऊ. नाहीतर आईवडिलांना सांगावं लागेल, दुसरी शाळा बघा." मी म्हटलं, मॅडम, मी बोलती करते. मला मनापासून वाटत होतं. याचसाठी तर शिकले. आई, मला अजूनही वाटतं की मुलाला शब्द देणं यापेक्षा मोठं काम नाही, आणि ते मी तुझ्याहून चांगलं करून दाखवीन असंही वाटत होतं. तुझ्याकडे फक्त अंगण होतं, माझ्याकडे अभ्यास आहे.

महिन्याचा विषय होता पाळीव पक्षी. मी तीन रात्री बसून तक्ता केला, खरी पिसं चिकटवली, कोंबड्याच्या तुऱ्याला लाल मखमल. वर्गात कोंबडीचं चित्र वर धरलं. "हे काय आहे?" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "चिकन!" मागून एकजण म्हणाला, "टीचर, लॉलीपॉप कुठे असतो हिचा?" बदक दाखवलं तर म्हणाली, ते बाथटबमध्ये असतं. इमारतीतली मुलं, त्यांचा काय दोष. मी हसले, समजावलं, कोंबडी, कोंबडी, माझ्यामागून म्हणा. सगळी म्हणाली. ती मुलगी तक्त्याकडे बघत राहिली. बोट पुढे केलं, पिसाला लावलं आणि काढून घेतलं. असं सबंध महिना.

आमच्या हात धुवायच्या जागेला एक खिडकी आहे. तिच्यामागे एका जुन्या वाडीचं परसू उरलंय, चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये चार केळी, एक विहीर, आणि सात-आठ कोंबड्या. मी तीन वर्षांत ती खिडकी उघडून पाहिली नव्हती. ऑगस्टच्या शेवटी एक दिवस डब्याच्या सुट्टीत मी हात धुवायला गेले तर आतून बदकवालीचा आवाज आला. "तुजी बोडक्या मानेची कोंबडी आज मोबाइलवर बोलत होती, मी बघितली." नळ बंद झाला. "आन मग तिनं दूध दिलं. दोन पिशव्या." आणि मग एक बारीक, स्पष्ट, घासून काढलेला आवाज. "दूध नाही देत. ती माती उकरते. किडा खाते." मी दाराबाहेर ओल्या हातांनी उभी. बदकवालीने तिला कडेवर उचलून खिडकीशी धरलं होतं. तिने विचारलं, "किडा? शिजवून खाते?" आणि मुलगी हसली. मी तिचं हसणं पहिल्यांदा ऐकत होते.

आई, तुला मी खोटं लिहिणार नाही. मला आनंद झाला नाही. मला पुन्हा ती भिंत आठवली, पाठीवर दप्तर घेऊन मी तिच्यामागे उभी. तुझे शब्द, तुझा सूर, कमरेवर हात ठेवण्याची तुझी ढबसुद्धा तिने उचलली होती. मला तुझी साडी मिळाली, तुझी नथ मिळाली, आणि हे सगळं तिच्याकडे गेलं. मी दुपारी मोठ्या मॅडमकडे गेले आणि म्हटलं, मावशी मुलांना चुकीची माहिती देतात, कोंबडी दूध देते वगैरे. मुलांच्या मनात पक्कं बसलं तर पालक विचारतील. ती ते मुद्दाम करते हे मला माहीत होतं. त्या शाळेत हे कळणारं माणूस मी एकटीच होते. मॅडमनी मावशीला बोलावून सांगितलं, तुम्ही फक्त हात धुवा मुलांचे. खिडकी बंद करायला सांगितली, आणि काचेतून बाहेरचं दिसतं म्हणून तिच्यावर लावायला माझाच तक्ता दिला. बदकवालीनेच तो चिकटवला. मखमली तुरा सरळ बसतोय का, हे तिने मला विचारलंही.

मुलगी पुन्हा बंद झाली. तीन आठवडे ती हात धुवायला जायची, तक्त्यासमोर उभी राहायची, कोपरा नखाने उचलायचा प्रयत्न करायची. मी तिला वर्गात कडेवर घेऊन विचारायचे, सांग ना, बोडक्या मानेची कोंबडी काय करते? ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी तिचं काहीतरी चोरलंय. आणि दिवाळी जवळ येत होती. घटस्थापनेच्या दिवशी तिची आई मला दारात गाठून म्हणाली, "टीचर, मध्ये घरी कोंबडी कोंबडी करत होती, आता तेही बंद झालंय. काय झालं?" 

त्या दुपारी मुलं गेल्यावर मी बदकवालीकडे गेले. ती मोरीत प्लास्टिकचा मग घासत बसली होती. मी म्हटलं, "तक्रार मी केली होती." ती म्हणाली, "म्हायती हाय." घासत राहिली. मग म्हणाली, "लहानपनी पन तुम्ही तेच केलं होतं. बदक झाडावर चढत नाय म्हनून." मी म्हटलं, "तुला आठवतं?" "आठवतं तर. मला तुमचा लय राग यायचा." मी थक्क झाले. "माझा? तुला काय कमी होतं? आई तुझी, बदक तुझं." तिने हातातला मग खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं.

"तुला म्हायतीच नाय का गं? आम्ही बायला विचारायचो, आमची सगल्यांची खबर घेतेस, तुजी कोंबडी कोनची? ती सांगायची, माजी एकच हाय. दोन वेन्या घालते, दप्तर घेऊन जाते, झोपेत पन बोलते. आन मग तुजी खबर. रोज. मास्तरांनी तिला फळ्यावर लिहायला उभी केली. तिला पावसात ताप आला. ती मोठी होऊन बाई होनार हाय, खुर्चीवाली. आमचे पाच मिन्टं आन तुजे पंदरा. आम्हाला तुजा कंटाला यायचा, ताय. मी शाळेत जायला लागली तरी दुपारी बदकाची खबर द्यायला यायची, तेव्हा पन आधी तुजीच ऐकायला लागायची."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. आई, हे तू मला का नाही सांगितलंस? मी भिंतीमागे होते ना. पण माझी शाळा साडेदहाला भरायची, आणि तुझी खबर बहुधा माझी पाठ वळल्यावर सुरू व्हायची. ते सगळं त्या पोरांनी ऐकलं. कंटाळत ऐकलं. मला कोणी एकदा तरी कंटाळा येईपर्यंत ऐकवलं असतं तर. मी तिला म्हटलं, आणखी सांग. ती म्हणाली, "आता एवढंच आठवतं. बारकी होती मी." आणि मला तिचा पुन्हा हेवा वाटला, तिने विसरून टाकलेल्या गोष्टींचासुद्धा.

तक्ता मी स्वतः काढला. मोठ्या मॅडमना जाऊन सांगितलं की माझी समजूत चुकली, ही पद्धत आहे, आणि ती मावशींना माझ्याहून चांगली येते. शेवटचं वाक्य म्हणायला मला वेळ लागला. त्या म्हणाल्या, "मग सुट्टीआधी मला दाखवा." त्यानंतर रोज आम्ही दोघी खिडकीशी. मुलगी आठवडाभर बोलली नाही, मग बदकवालीशी बोलायला लागली. माझ्याशी नाही. मला चुकीचं बोलताच येत नव्हतं गं. इतकी वर्षं बरोबर उत्तरं देऊन जीभ ताठ झालीय. मी म्हणायचे, "कोंबडी... उडते का?" तर बदकवाली मागून पुटपुटायची, "विचारू नका मॅडम. सांगा. ठोकून सांगा."

सुट्टीच्या आदल्या दिवशी मोठ्या मॅडम येऊन दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना पाहून मुलीचे ओठ मिटले. बदकवाली माझ्याकडे बघत होती. मी कमरेवर हात ठेवले. म्हटलं, "हिची कोंबडी आता खुराड्यात नाही राहत. तिने फ्लॅट घेतलाय. लिफ्टने जाते." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "आणि अंडं घालून ऑफिसला जाते. पर्स घेऊन." तिने एक मोठा श्वास घेतला, आपल्या गावच्या म्हाताऱ्या घेतात तसा, आणि म्हणाली, "टीचर, तुम्हाला काहीच कसं कळत नाही?" मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मुलगी पुढच्या वर्गात जाणार आहे. खिडकी उघडी राहणार आहे.

हे मी रोजच्या पाठांच्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. ही वही सोमवारी सहीला मॅडमकडे जाते, त्यामुळे ही पानं त्याआधी फाडून घ्यावी लागतील. कुठे ठेवीन ते ठरवलं नाही. तुझ्या फोटोमागे ठेवली तर बाबांना सापडतील.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी मॅडम गेल्यावर मुलांनी मला घेरलं. "टीचर, तुमची कोंबडी कोणती?" मी खिडकीबाहेर पाहिलं. आणि मग म्हटलं, "माझं बदक होतं. लंगडं." मी ते चोरलं, आई. त्याची सगळी खबर मला पाठ होती, भिंतीमागून ऐकलेली, डाव्या पायाने लंगडायचं, पावसात सगळ्यांच्या पुढे, फक्त भाताचं तूस खायचं. मी सांगत सुटले. मध्येच पाहिलं तर बदकवाली दारात, हातात पाण्याचा जग. मला वाटलं आता सगळ्यांसमोर म्हणेल, ते माझं. तिने जग खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "मंजी तुमचं ते बदक झाडावर घरटं बांधायचं, तेच ना?"

मी मोठ्याने म्हटलं, "नाय!"